टाका की सोडा

निःशंकरावांची सगळी फजिती एका बटणामुळे झाली, असं त्यांच्या सौभाग्यवतींचं मत आहे. खुद्द निःशंकरावांना विचाराल तर बटण निर्दोष होतं, माणसंच संशयी निघाली. आणि संशयाबद्दल बोलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, कारण ते विमा कंपनीत दावे तपासतात. घरात पाणी शिरून गालिचा भिजला असं कुणी म्हणालं, की हे विचारणार, गालिचा होता कशावरून? अशा माणसाने इंटरनेटवर वावरायला 'निःशंक' हे नाव घ्यावं, यातच काय ते समजा. त्यांचं खरं नाव आपल्याला नको. त्या नावाने त्यांना फक्त कचेरीतलं हजेरीचं यंत्र ओळखतं, आणि तेही दोनदा बोट लावल्यावर.

तर 'शब्दपेटी' नावाचा एक कोश आहे. कागदावरचा नव्हे, इंटरनेटवरचा, हौशी मंडळींनी फुकट चालवलेला. ज्याला जो शब्द ठाऊक असेल त्याने तो अर्थासकट लिहायचा, दुसऱ्याने त्यात खोट काढायची आणि मग दोघांनी महिनाभर भांडायचं, अशी ज्ञानदानाची सोपी पद्धत. निःशंकराव तिथले व्यवस्थापक. पगार शून्य, मान बेताचा, शिव्या मुबलक. पण कचेरीत त्यांना विचारून कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही, आणि इथे अख्ख्या कोशाच्या किल्ल्या त्यांच्या हातात होत्या. माणसाला कुठेतरी मोठं व्हावंसं वाटतंच की हो!

या कोशात लिहायची जुनी पद्धत म्हणजे एक दिव्य होतं. शब्द ठळक हवा तर दोन्ही अंगांना तारे लावा. दुसऱ्या नोंदीशी जोडायचा तर दोन चौकोनी कंस उघडा आणि दोन बंद करा. एक कंस जरी विसरलात तरी तिथून खालचा सगळा मजकूर लालभडक. नवा माणूस हौसेने यायचा, ते कंस बघायचा आणि आल्या पावली परत जायचा. जुन्यांना मात्र त्याचा कोण अभिमान! आम्ही एवढं सोसलं, मग बाकीच्यांनी का सोसू नये, असा त्यांचा साधा सरळ विचार होता.

या जुन्यांत सगळ्यांत जुने म्हणजे 'जुना खिळा'. छापखान्यात शिशाच्या अक्षरांना खिळे म्हणतात, आणि हे गृहस्थ जन्मभर तिथे मुद्रितं तपासत होते. छापखाना बंद पडला, पण सवय काही सुटली नाही. औषधाच्या बाटलीवरच्या वेलांट्यासुद्धा ते सुधारत. आणि हे जुना खिळा म्हणजे निःशंकरावांचे सख्खे सासरे. सासूबाई गेल्यापासून मुक्काम त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत. कोशातल्या कुणालाही याचा पत्ता नव्हता, कारण दोघांनी तो लागू दिला नव्हता. जावयाला भीती, लोक म्हणतील वशिला आहे. सासऱ्यांना भीती, लोक म्हणतील मुलीच्या घरी राहतो.

आता नवा लेखनफलक, म्हणजे पडद्यावर लिहायची नवी पाटी, आणायचं खूळ निःशंकरावांच्या डोक्यात कुठून शिरलं? सगळ्यांना त्यांनी सांगितलं, नवे सदस्य यावेत म्हणून. हे खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळंच होतं. गेल्या वर्षापासून जुन्या खिळ्याच्या नोंदींत कंस सुटायला लागले होते. कधी एखादा उघडाच राही, कधी भलत्याच ठिकाणी बंद होई. पहिल्यांदा ती लाल नोंद पाहिली तेव्हाच निःशंकरावांच्या लक्षात आलं. सासरेबुवांना बारीक दिसेनासं झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की 'पडद्यावर धूळ आहे' म्हणत आणि रुमाल घेऊन पडदा पुसत बसत. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्याला तुमच्या चुका होतात हे सांगायचं कुणी? कोश हाच त्यांचा दिवस होता. तो गेला असता तर मागच्या खोलीत ते आणि समोरची भिंत. म्हणून निःशंकराव सकाळी चहाच्या आधी, कुणाच्या नजरेला पडायच्या आत, गुपचूप ते कंस बंद करून येत. बायकोला सांगायची सोय नव्हती. तिने बाबांना त्याच दिवशी दंडाला धरून दवाखान्यात नेलं असतं आणि तिथल्या रांगेतल्या सगळ्यांना कारणही सांगितलं असतं.

नव्या फलकात कंसबिंस काही नव्हतं. जसं दिसणार तसंच लिहायचं, अक्षर हवं तेवढं मोठं करायचं. तो बसवून दिला बायकोच्या चुलत भावाने. तो प्रोग्रामर, म्हणजे त्याला सगळं दोन मिनिटांचं काम वाटतं. त्याने बटणांवर यंत्राकडून करून घेतलेलं मराठी घातलं होतं: 'प्रस्तुत करा' आणि 'परित्याग करा'. ते वाचून निःशंकरावांना ऐन दुपारी थंडी वाजली. त्यांनी ठरवलं, बटणांवरचे शब्द आपण घालायचे.

इथेच घात झाला. कारण जिन्यात त्यांना वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले. डॉक्टर दिवसभर अशा लोकांशी बोलतात ज्यांना उत्तर देता येत नाही, त्यामुळे कुठल्याही विषयावर सल्ला देताना त्यांना अडखळायला होत नाही.

"लांब शब्द ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. "मी पेशंटला 'आता आपण चूळ भरून तोंड स्वच्छ करावं' असं सांगतो का? 'थुंका' म्हणतो. लगेच थुंकतो. एक शब्द, एक काम!"

निःशंकरावांना हे एकदम पटलं. बोलताना आपण काय म्हणतो? ग्रुपवर टाक. पेटीत पत्र टाक. झालं तर मग! लिहिलेलं कोशात जायला हवं असेल तर बटण 'टाका'. बेत बदलला, नको असेल, तर 'सोडा'. नोंदीतलं चित्र नकोसं झालं तर 'चित्र काढा'. सुटसुटीत, घरगुती आणि स्वच्छ. स्वतःवर खूष होऊन त्यांनी सुट्टीच्या दिवशी जुन्या पद्धतीच्या जोडीला फलक सुरू केला आणि भजी खायला बसावं तशा उत्साहाने कौतुकाची वाट बघत बसले.

आता हे सगळं शब्दांचे अर्थ खणून काढणाऱ्या माणसांत चाललं होतं, हे विसरू नका. दुसरा कुणी असता तर बटण दाबून मोकळा झाला असता.

पहिला फोन आक्कांचा. आक्कांचं शिवणाचं दुकान, आणि कोशातले शिवणकामाचे सगळे शब्द त्यांचे.

"अहो व्यवस्थापक, माझी नोंद कुठे गेली?"

"कोणतं बटण दाबलंत?"

"सोडा."

"अहो, सोडा कशाला दाबलंत?"

"मग काय टाका दाबू? सकाळपासून डोळे फोडून लिहिलेलं टाकून देऊ? म्हटलं, झाली पूर्ण, सोडावी आता. गाडी सोडतात तशी."

"आक्का, टाका म्हणजे आत टाका."

"ते मला कसं कळावं? मी टाक्यांवरच लिहीत होते! कच्चा टाका, उलटा टाका, काजाचा टाका. मला वाटलं नोंदीचं नाव आलंय वर." आक्कांचा आवाज एकदम खाली आला. "ज्याला काढून टाकायचं त्याला तोंडावर सांगावं माणसाने. अशी बटणं लावून नाही."

निःशंकरावांनी फोन ठेवला. तेवढ्यात चित्रकला मास्तर आले, म्हणजे पडद्यावर आले. हे मास्तर निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी चित्र काढायला सांगितलं नव्हतं. 'सुरई' या नोंदीत सुरईचं एक फार देखणं चित्र होतं आणि त्याच्याखाली मास्तरांना दिसलं, 'चित्र काढा'. मास्तरांना गहिवरून आलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, माऊस हातात घेतला, दोनचार वेळा गळ्याचा बाक हवेत गिरवून पाहिला. पण पडद्यावर रेघ काही उमटेना. मग त्यांनी बटण दाबलं आणि होती ती सुरईही गेली.

"मला काढायला सांगून असलेलं काढून घेतलंत!" मास्तरांनी लिहिलं. त्या वाक्यात काय चुकलंय ते निःशंकरावांना सांगता येईना.

"तुमचंच चुकलंय," सौभाग्यवती म्हणाल्या. त्या इस्पितळात एक्स-रे विभागात आहेत. "मी दिवसभर लोकांचे फोटो काढते. म्हणजे काय पुसून टाकते?"

आणि मग जुना खिळा उठले. त्यांनी चर्चेच्या पानावर लिहिलं, 'टाका हा शब्द योगायोगाने निवडलेला नाही. जुन्या सदस्यांचं लेखन त्यांच्याच हातून टाकून द्यायला लावण्याचा हा डाव असून व्यवस्थापकांनी याचा खुलासा करावा. कुठेतरी पाणी मुरतंय.' हे मागच्या खोलीत बसून लिहिलं आणि पाच पावलं चालून ते जेवायला आले.

"जावईबापू, जरा मीठ द्या," ते म्हणाले.

निःशंकरावांनी मीठ दिलं. जेवण होताच समोरच्या खोलीत जाऊन उत्तर लिहिलं, 'आदरणीय जुना खिळा यांचे आरोप बिनबुडाचे आहेत.' मागच्या खोलीतून 'हं!' असा आवाज आला.

"एका घरात बसून एकमेकांना पत्रं काय लिहिता?" सौभाग्यवती ओरडल्या. "तोंडं शिवलीत का तुमची?"

पण तोंडी भांडायची त्या दोघांत रीत नव्हती. सासरा-जावई नातं आडवं येत होतं.

निःशंकरावांनी बटण बदलून 'पाठवा' केलं. लगेच प्रश्न आला, कुणाकडे पाठवा? बाहेर कुठली तरी कंपनी असून ती आपले शब्द गोळा करते, अशी कुजबुज सुरू झाली. आपल्या शब्दांचं ती करणार काय, असं एकाने विचारलं. तेच तर कळत नाही, असं दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि हा पुरावा सर्वांनी ग्राह्य धरला. त्यात मेहुण्याने न सांगता पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट आणून बसवली. 'नवा फलक आवडला ना?' खाली उत्तरं दोन, 'हो' आणि 'नंतर सांगतो'. नाही म्हणायला जागाच नाही.

"भावोजी, सगळीकडे असंच असतं," मेहुणा म्हणाला.

"सगळीकडे असेल रे! इथे कोश लिहिणारी माणसं आहेत. एक शब्द कमी असला तर त्यांना पहिला तोच दिसतो!"

व्हायचं तेच झालं. व्यवस्थापकांवर सदस्यांचा विश्वास उरला आहे की नाही, यावर मतदान घ्यायचं ठरलं. निःशंकरावांनी मनापासून खुलासा लिहिला. तो बाद झाला, कारण नियमाप्रमाणे खुलासा रूढ पद्धतीने लिहायला हवा आणि त्यांनी तो नव्या फलकावर लिहिला होता. मग त्यांनी तो जुन्या पद्धतीने पुन्हा लिहिला. घाईघाईत एक कंस बंद करायचा राहिला आणि सगळा खुलासा लाल झाला. व्यवस्थापकांनी लाल अक्षरांत दमदाटी केली, असं मास्तरांनी नोंदवलं.

एवढ्यावर भागतं तर ठीक होतं. पण मास्तरांनी आणखी एक शोध लावला. जुना खिळा कुठलीही नोंद लिहोत, दुसऱ्या दिवशी सकाळी निःशंक तिथे जाऊन हात मारून येतो. हा काय प्रकार आहे? हा पाठलाग आहे!

त्या संध्याकाळी सासरेबुवा समोरच्या खोलीत आले आणि उभेच राहिले.

"जावईबापू, माझ्या नोंदींत तुम्ही काय करता?"

निःशंकरावांनी चहाचा कप उचलला. "काही नाही. सहज बघतो."

"सहज कुणी रोज बघत नाही."

निःशंकरावांनी कपात पाहिलं. जन्मभर ज्यांनी लोकांना असे प्रश्न विचारले, त्यांना एक उत्तर सुचेल तर शपथ! सासरेबुवा मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. ती कडी त्या घरात आजवर कधी वाजली नव्हती.

खरं सांगितलं की किल्ल्या वाचत होत्या. फक्त सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं होतं, अहो, त्यांना दिसत नाही, मी निस्तरतो. न सांगावं तर किल्ल्या जाणार आणि वर हे घरातलं तोंड फिरवणंही नशिबी येणार. निःशंकराव मतदानाच्या सभेपर्यंत नीट जेवले नाहीत. सौभाग्यवतींना वाटलं, बाहेर काहीतरी खाऊन येतात.

सभा रविवारी दुपारी भरली, ज्याने त्याने आपापल्या घरून संगणकावर तोंड दाखवायचं अशी. निःशंकराव समोरच्या खोलीत बसले, जुना खिळा मागच्या. त्यांनी आपला कॅमेरा बंद ठेवला होता, फक्त आवाज. मास्तरांनी आरोप वाचायला घेतले, आणि दारावरची बेल वाजली. ती दोन चौकटींतून एकदम वाजली. पाठोपाठ सौभाग्यवतींचा आवाजही दोनदा आला, "अहो, दार उघडा कुणीतरी! माझे हात पिठाचे आहेत!"

सगळ्यांचे चेहरे पडद्याजवळ आले.

"निःशंक आणि जुना खिळा एकाच घरात आहेत?" आक्कांनी विचारलं.

"एकाच घरात कशाला, एकच माणूस असेल!" मास्तर ओरडले. "दोन नावं घेऊन स्वतःशीच भांडतो! म्हणून तर कॅमेरा बंद!"

"तोंड सांभाळून बोला," जुना खिळा म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा लावला. पडद्यावर अर्धं कपाळ आणि कपाट आलं. "तो माझा जावई आहे."

यावर जो गोंधळ झाला तो काय सांगावा! वशिला म्हणाले, संगनमत म्हणाले, एकाने तर घराणेशाही म्हटलं. शेवटी आक्कांनी सगळ्यांना गप्प केलं. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकांना गप्प करायची त्यांना सवय होती.

"एकच विचारते, व्यवस्थापक. सासऱ्यांच्या नोंदींत रोज सकाळी जाऊन तुम्ही काय बदलत होतात?"

निःशंकरावांनी मागच्या खोलीच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "मोठेपणा. व्यवस्थापक आहे, म्हणून उगाच हात लावत होतो. नोंदींत चूक काहीच नव्हती. माझंच चुकलं. किल्ल्या घ्या."

बोलून झाल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. इतकं की आपण चांगलं वागलो हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही.

"थांबा," पडद्यातलं अर्धं कपाळ म्हणालं. "तो खोटं बोलतोय. मला कंस दिसत नाहीत."

मास्तरांनी आरोपांचा कागद खाली ठेवला.

"वर्ष झालं. एक आहे की दोन, उघडा आहे की बंद, काही कळत नाही. अंदाजाने लिहितो. चुकतात. तो मागून येऊन बंद करतो आणि मला कळू देत नव्हता. परवा जुने बदल पाहिले तेव्हा कळलं." सासरेबुवांचा आवाज थोडा चिरकला. "बोंबलत सुटलो होतो मी, डाव, डाव म्हणून. लाज वाटते मला."

मग आक्का हळूच म्हणाल्या, "मलाही दिसत नाहीत हो. सुईत दोरा सून ओवून देते. पण कंस कुणाकडून घालून घेऊ?"

"मी भिंग धरतो," मास्तर म्हणाले. "एका हाताने भिंग, एका हाताने टंकन. म्हणून सुरई गेली."

मग एकेक जण कबूल होत गेला. कंसांसाठी जे प्राण द्यायला निघाले होते त्यांतल्या एकालाही कंस धड दिसत नव्हता. फलक एकमताने मंजूर झाला. ठरावात मात्र त्यांनी डोळ्यांचा उल्लेख येऊ दिला नाही. 'व्यापक विचारविनिमयानंतर' असं लिहिलं. किल्ल्या निःशंकरावांकडेच राहिल्या. बटणावर कोणता शब्द घालायचा यासाठी समिती नेमली. तिचं भांडण अजून चालू आहे, तोवर बटण कोरं आहे आणि सगळे ते बिनचूक दाबतात.

सभा संपली. मागच्या खोलीची कडी निघाली. निःशंकराव उठून उभे राहिले.

"फक्त कंस बंद करत होतात?" दारात उभं राहून सासरेबुवांनी विचारलं.

"फक्त कंस."

"शब्दाला हात नाही लावला?"

"नाही."

"एकाही? वेलांटी, उकार, काही?"

"एकाही नाही, बाबा. चूक नव्हतीच."

खरं तर एक होती. 'पाणपोई'च्या नोंदीत एक वेलांटी उलटी पडली होती आणि निःशंकरावांनी ती सुलटी केली होती. पण ते त्यांनी सांगितलं नसतं, कुणी पाण्यात बुडवलं असतं तरी.

सासरेबुवा त्यांच्याकडे बघत राहिले. मुद्रितावर बघावं तसं, ओळीवरून ओळीवर.

"दोन होत्या," ते म्हणाले. "एक तुम्ही सुधारलीत. दुसरी तुम्हालाही दिसली नाही, अजून तशीच आहे."

"तुम्हाला कशी दिसली?"

"त्या तुमच्या फलकावर. अक्षर मोठं करून." सासरेबुवांनी नजर दुसरीकडे वळवली. "परवा उघडून पाहिला. विरोध करायचा तर आधी वाचायला नको?"

मग त्यांनी मागच्या खोलीत जाऊन दुसरी खुर्ची आपल्या खुर्चीशेजारी ओढली आणि आतूनच हाक मारली, "या इकडे. दाखवतो तुम्हाला, कुठे चुकलो ते."